लिफ्ट आधी की फ्लेक्स? पिकअपचं सस्पेन्शन ठरवताना

खोल चर तिरका ओलांडताना पिकअप अडकते, तेव्हा चित्र बहुतेक वेळा एकच असतं. पुढचं डावं चाक अधांतरी, मागचं उजवं अधांतरी, दोन्ही गरगर फिरताहेत आणि गाडी जागची हलत नाही. पोटाखाली भरपूर जागा मोकळी असते, पण चाकं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तरीही सस्पेन्शनला हात घालायचं ठरलं की पहिली खरेदी उंचीचीच होते, कारण उंची लांबूनही नजरेत भरते. फ्लेक्स, म्हणजे एक चाक वर दबून आणि दुसरं खाली लोंबून जमीन धरून ठेवण्याची क्षमता, उभ्या गाडीत दिसत नाही.

लिफ्टचा, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करण्याचा, फायदा मात्र खरा आहे. पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असतो, त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकण्याचा धोका तिला जास्त. व्हीलबेस ३,१०० मिमी आणि पोटाखालची जागा २८० मिमी धरली, तर ढोबळ हिशेबाने जवळपास २०.५ अंशांचा माथा ती ओलांडते. ५० मिमी लिफ्टने तोच आकडा २४ अंशांवर जातो. पुढचा बंपर आणि मागचा लांब लोंबणारा हौदा यांनाही तेवढीच सुटका मिळते आणि मोठ्या टायरला जागा होते.

पण ॲक्सल सलग असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला असतील, तर त्याचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा मधला गोळा) लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. तो चाकांना बांधलेला आहे, त्याला फक्त टायर उचलतो, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. ३१ इंचांवरून ३३ इंचांवर गेलात तर डिफरन्शियलखाली एकच इंच वाढतो. चाकोरीतल्या मधल्या उंचवट्यावर किंवा दगडावर डिफरन्शियल घासत असेल, तर त्यावर स्प्रिंग बदलणं हा उपाय नाही.

फ्लेक्सचं काम वेगळं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो, आणि तो किती असेल हे पकड सुटलेलं चाक ठरवतं. एक चाक हवेत गेलं की जमिनीवरच्या जोडीदाराचाही जोर गेला. म्हणून चाक नुसतं टेकून उपयोग नाही, त्यावर थोडंफार वजन राहायला हवं. फ्लेक्स मोजण्याची जुनी पद्धत आहे. २० अंशांच्या उतारावर गाडीचं एकच पुढचं चाक चढवायचं, कुठलंही चाक उचललं जाईपर्यंत. किती अंतर चढली, भागिले व्हीलबेस, गुणिले १,०००. लांब व्हीलबेसमुळे या मोजणीत पिकअपला पहिल्यापासूनच ओझं असतं, त्यामुळे आखूड जीपच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये.

दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात ते पुढच्या बाजूला. आजच्या बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, आणि चाकाची एकूण हालचाल ठरलेली असते. समजा ती २०० मिमी आहे: उभ्या गाडीत ११० वर जायला, ९० खाली यायला. स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) चढवून किंवा तिचा ताण वाढवून ५० मिमी उंची घेतली, तर एकूण २०० तेच राहतात, पण खाली यायला उरतात ४०. खड्ड्यात चाक लवकर लोंबकळतं आणि वेगात छोट्या खळग्यातही शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण उघडून ठण्णकन् वाजतो. उंच झालेली गाडी मूळ गाडीपेक्षा आधी चाक उचलते, ते यामुळे.

शॉकच्या माथ्यावर बसणारा स्पेसर वेगळ्या रीतीने त्रास देतो. चाकाशी मिळणारी उंची त्याच्या जाडीच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून तो छोटा आणि निरुपद्रवी वाटतो. पण त्याने शॉकची सगळी चाल, म्हणजे वरखाली हालचालीचा पल्ला, खाली सरकते. पूर्ण लोंबताना चाकाला आधार देणारे बॉल जॉइंट आणि त्याला जोर पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे नको तेवढे वाकतात, आणि चाक वर दबताना बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबर) लागण्याआधी शॉकच आतून आपटू शकतो. माझं मत स्पष्ट आहे: खडबडीत वाटेवर जाणाऱ्या गाडीला नुसता स्पेसर लावू नये. लांब शॉक, त्याला जुळणारी स्प्रिंग आणि गरज असेल तर वरचा कंट्रोल आर्म (चाकाला चॅसीशी जोडणारा दांडा), असं एकत्र घ्यावं. तेही साधारण दोन इंचांपर्यंत. त्यापुढे कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, बिघडून स्टिअरिंग भरकटायला लागतं आणि अलाइनमेंटची मर्यादा संपते.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर निवड सोपी नाही, कारण ते पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात आणि रिकाम्या गाडीत ताठ उभे राहतात. एक जादा पाटा टाकला की उंची मिळते आणि ताठपणा आणखी वाढतो. कायम सामान लादणाऱ्याला ते चालेल, इतरांना नाही. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घातला तर ताठपणा वाढत नाही, पण जोर लावताना ॲक्सल पिळण्याचा कल वाढतो. लांब शॅकलने, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या दुव्याने, दोन इंचांमागे एक इंच उंची मिळते, बदल्यात पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये जोर आणणाऱ्या गिअरचा, कोन फिरतो. पूर्ण नवा संच घ्यायचा तर जाड चार पाट्यांपेक्षा पातळ जास्त पाट्यांचा घ्यावा. तेवढंच ओझं पेलून तो जास्त वाकतो.

इथे एक चूक सर्रास होते. मागची बाजू मनसोक्त सैल करायची आणि पुढची ताठ ठेवायची. गाडीचा सांगाडा ताठ बाजूच्या मागे जातो. पुढचा ॲक्सल जसा कलेल तसं केबिन कलतं, सगळी हालचाल मागची चाकं करतात, आणि चालकाला गाडी उलटते की काय असं वाटत राहतं. कमी फ्लेक्स, पण दोन्हीकडे जवळपास सारखा, हे जास्त सुरक्षित. पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारा दांडा) वाटेपुरता सोडता आला तर मोठा फरक पडतो, सलग ॲक्सलच्या गाडीत तर फारच. पक्क्या रस्त्यावर येताच तो पुन्हा जोडायचा, यात चालढकल नको.

आडव्या उतारावर दोन्ही पर्याय महाग पडतात. चाकांमधलं अंतर १,६०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर उलटण्याचा कोन कागदावर सुमारे ४९ अंश येतो; गुरुत्वमध्य ७७० वर गेला की ४६. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी धोका सुरू होतो, कारण खालच्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात. मऊ स्प्रिंगा जास्त दबतात, म्हणजे फ्लेक्सचीही किंमत आहेच. छतावर सामान असेल तर आणखी.

मग घ्यायचं काय? वाट माथ्यांची, चाकोऱ्यांची आणि चिखलाची असेल, टायर मोठे हवे असतील, तर दीड-दोन इंच लिफ्ट जुळत्या शॉकसह घ्यावी. दगड, चर, ओढ्याचं पात्र अशी वाट असेल तर मूळ उंचीच्या आसपास राहून चाल वाढवावी. ओझं कायम असेल तर फ्लेक्सचा हट्ट सोडून मागे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरन्शियल, बसवावा. चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याचा जोर लॉकर जाऊ देत नाही. ताठ पाट्यांच्या पिकअपला मी दोन इंच आणि लॉकर हीच जोडी सुचवेन, चार इंच स्पेसर कधीच नाही. सलग ॲक्सल आणि चारही बाजूंना कॉइल स्प्रिंगा असलेली जीप ग्लॅडिएटरसारखी गाडी असेल, तर फ्लेक्स मुळातच पुष्कळ आहे. तिथे उंचीचा विचार निवांत करता येतो.

काहीही मागवण्याआधी एक दुपार मोजमापाला द्या. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर उभ्या गाडीत घ्या. मग चॅसीखाली जॅक लावून चाक पूर्ण लोंबवून घ्या, आणि शेवटी गाडीचा एक कोपरा उंचवट्यावर चढवून चाक दाबून घ्या. तिन्ही आकडे चारही चाकांचे लिहा. चाक पूर्ण लोंबलेलं असताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर हाताने चाचपून पाहा; ताणलेली लागली तर नव्या शॉकच्या आधी ती बदलायची आहे.