धुळीवर नजर: दुपारचा देखणा फोटो की दर अर्ध्या तासाचं धूसर चित्र?

मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची पसरून वाळवायच्या जागेवर, बसून उपग्रहाची चित्रं बघणारा विदर्भातल्या भिवापूर-पवनी पट्ट्यात मी एकटाच असेन. पण पसरलेल्या मिरचीवर वावधनाची (वादळी वाऱ्याची) धूळ बसली की भाव पडतो, आणि सगळ्या ताडपत्र्या ओढायला सहा बायांना वीस मिनिटं तरी लागतात.

दोन उन्हाळे दोन्ही वापरून पाहिलं: नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावरचं मोडिस, म्हणजे टेरा आणि ॲक्वा या दोन उपग्रहांवरचं चित्र टिपणारं यंत्र, आणि आपलं इन्सॅट, म्हणजे भारताचा हवामान उपग्रह. देखणेपणात मोडिसच पुढे, वाद नाही. त्यात २५० मीटरपर्यंतचं दिसतं. इन्सॅटच्या उष्णता टिपणाऱ्या चित्रात एक ठिपका ४ किलोमीटरचा, म्हणजे आमचं गाव अन् शेजारचं गाव एकातच. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून धूळ आली, तेव्हा निळ्या अरबी समुद्रावर ती वर्ल्डव्ह्यूत उठून दिसायची. आमच्याकडे मात्र एप्रिलात वावरं उघडी, धूळही मातीच्याच रंगाची, शोधावी कशी?

तरी मी मोडिसच धरून बसलो असतो. खटकली ती वेळ. मोडिसचे उपग्रह दिवसाउजेडी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा डोक्यावरून जातात. आमचं वावधन येतं चार-साडेचारला. गेल्या वैशाखात दुपारचं चित्र लख्ख होतं, म्हणून मी निवांत जेवलो. साडेचारला पश्चिम लाल झाली अन् दोन ताडपत्र्या पार नाल्यापर्यंत उडाल्या. दुसऱ्या दिवशीचं चित्र पुन्हा लख्ख, जसं काही घडलंच नाही.

इन्सॅट एकाच जागी थांबून दर अर्ध्या तासाला चित्र देतो, रात्रीसुद्धा. त्यात उष्णतेच्या दोन खिडक्या आहेत, ११ आणि १२ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या आसपास. दाट धुळीत ११ चं तापमान १२ पेक्षा कमी भरतं, बहुतेक ढगांत उलटं. त्यामुळे रंग सारखा असला तरी धूळ वेगळी काढता येते. अर्थात ढगाखालची धूळ दोघांनाही दिसत नाही. म्हणून मी धूळ नाही, ती उडवणारा वादळी ढगच बघतो: वर्ध्याकडे फुगत जाणारा पांढरा ठिपका. तीन वाजता सुपाएवढा, साडेतीनला पराती एवढा झाला की बायांना हाक मारतो. कधी हाक फुकट जाते, मग ‘भाऊ, तुमचा मोबाईल लबाड हाये’ हे ऐकून घ्यायचं.

राजस्थानच्या धुळीचा अभ्यास करणाऱ्याला माझं म्हणणं कदाचित पटणार नाही, त्याने मोडिसच घ्यावं. वर्ल्डव्ह्यू मीही उघडतो, पण रात्री, जेवण झाल्यावर.