कॅरव्हॅनचे टायर बदलले (१८५ आर १४ सी) आणि घरी येऊन बसवून देणाऱ्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगतो, टायरला पाचपैकी साडेचार आणि बसवणाऱ्याला पाचपैकी पाच, तो दीड तास उशिरा आला तरी. का ते खाली लिहितोय, जरा लांब होईल पण इथे यूकेत ज्यांच्याकडे कॅरव्हॅन आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही नॉर्थॅम्प्टनजवळ राहतो. २०२१ मध्ये सेकंडहँड कॅरव्हॅन घेतली (कारमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर), चार बर्थची, एकच ॲक्सल, म्हणजे सगळा डोलारा दोनच चाकांवर. टायरची नक्षी एकदम नव्यासारखी, मी मोजली तर साडेसहा मिलिमीटर भरली आणि इथला कायदा १.६ मागतो, त्यामुळे दोन वर्षं मी त्या टायरकडे बघितलंसुद्धा नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एम ५ मोटरवेवर ब्रिस्टलच्या अलीकडे एक कुटुंब कडेला उभं होतं, कॅरव्हॅनचं एक चाक नुसत्या रिमवर, टायरच्या चिंध्या झालेल्या आणि त्या चिंध्यांनी चाकाच्या वरचा पत्रा फाडून आतलं लाकूड बाहेर काढलेलं. दोन लहान मुलं बॅरिअरच्या पलीकडे गवतात बसली होती. आमची पण दोन मागच्या सीटवर होती. ते चित्र डोक्यातून जाईना.

यंदा मार्चमध्ये बाबांना व्हिडिओ कॉलवर टायर दाखवले. बाबा एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, कराड डेपोला. म्हणाले, "अरे नक्षी काय दाखवतोस, कूस दाखव की. टॉर्च लाव." टॉर्च लावून फोन बाजूच्या रबराजवळ नेला तर बारीक बारीक चिरा, उन्हाळ्यात अनवाणी फिरणाऱ्याच्या टाचेला पडतात ना अगदी तशा, आणि टायर जरा दाबला की उघडायच्या. मग तारीख शोधली. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर ३११४, म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. जवळजवळ नऊ वर्षांचे टायर! इथे कॅरव्हॅनवाले पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे अजिबात नको असं सांगतात, आणि कॅरव्हॅनला एमओटी (गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी) नसतं त्यामुळे दरवर्षी कोणी बघून सांगणारा पण नाही. कारचा टायर पळून पळून झिजतो. कॅरव्हॅनचा टायर सहा-सहा महिने एकाच जागी तेवढं वजन डोक्यावर घेऊन उन्हात उभा राहतो आणि तिथेच म्हातारा होतो, नक्षी तशीच राहते. म्हणून कॅरव्हॅन घेताना नक्षी बघून खूश होऊ नका, मी तेच केलं होतं.

मग मी एका मोठ्या चेनच्या दुकानात गेलो (नाव लिहीत नाही). काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये बघून १८५/८० आर १४ सांगितला, स्वस्त होता, "साइज सेम आहे सर". लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा कोड) विचारला तर ९१. आता हे नीट वाचा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, दोघांचे मिळून १२३०. आमच्या कॅरव्हॅनची एमटीपीएलएम, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त वजन, १५०० किलो आहे. नाकावरचं, म्हणजे कारला जोडतात त्या पुढच्या टोकावरचं, थोडं वजन कार उचलते हे खरं, पण २७० किलोचा फरक त्याने भरत नाही. आमच्या हँडबुकात १८५ आर १४ सी, १०२ असं स्वच्छ लिहिलंय. १०२ म्हणजे ८५० किलो, दोन टायरचे १७००. त्यातही टायरला त्याच्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच लोड द्यावा म्हणतात, तो हिशेब १५३० येतो आणि आमचे १५०० त्यात बसतात. तो सी म्हणजे कमर्शियल, व्हॅनला लावतात तो जाड कुशीचा टायर. पोराला हे सांगितलं तर म्हणाला चालतं, बरेच लोक लावतात. मी तसाच बाहेर आलो, मला खरंच राग आला होता, कारण माहीत नसलेला माणूस पैसे देऊन तेच टायर घालून पोराबाळांना घेऊन वेल्सला निघेल.

अजून एक, टायरवर १०२/१०० असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असतं तेव्हाचा, दुसरा ट्रकसारखी जोडचाकं असतात तेव्हाचा. आपल्याला पहिलाच बघायचा. पुढचं स्पीडचं अक्षर फार डोक्याला लावून घेऊ नका, एन असलं तरी ताशी १४० किलोमीटर होतात आणि कॅरव्हॅन ओढताना आपल्याला मोटरवेवर साठ मैलांच्या वर जायचंच नाहीये.

शेवटी मोबाइल फिटर मिळाला, घरी व्हॅन घेऊन येणारा, पन्नाशीचा माणूस, एकटाच काम करतो. फोनवरच त्याने मला तीन प्रश्न विचारले. एमटीपीएलएम किती, हँडबुकात प्रेशर किती, आणि रिमला टायरॉन बँड आहेत का. (हा बँड रिमच्या मधल्या खोबणीत बसतो, टायर फुटला तरी तो रिमवरून निसटू नये म्हणून. बरीच दुकानं तो काढघाल करायला नको म्हणतात.) मोठ्या दुकानात यातलं एक कोणी विचारलं नव्हतं, मी तिथेच ठरवलं की हाच.

आल्यावर आधी कॅरव्हॅन कारला जोडायला लावली, हँडब्रेक, पलीकडच्या चाकाला ठोकळे. जॅक चासीला नेमून दिलेल्या जागीच लावला. कोपऱ्यातले पाय गाडी डुलू नये म्हणून असतात, त्यावर उचलली तर वाकतात, हे त्याने मला न विचारता दाखवलं. जुना टायर उतरवून त्याने आतली बाजू माझ्याकडे फिरवली, जी मी कधी बघितलीच नव्हती कारण ती चासीकडे असते. त्यावरून अंगठा फिरवला तर अंगठ्याला काळी भुकटी लागली आणि एका चिरेत आतले धागे दिसत होते. बायको चहा घेऊन आली होती, ती बघून तशीच उभी राहिली. याच टायरवर आम्ही आई-बाबांना घेऊन वेल्समधल्या टेन्बीला जाऊन आलो होतो.

टायर हँकूकचे व्हँट्रा घेतले. नवे टायर बसवायच्या आधी मी तारीख मागितली, ०६२३, म्हणजे दोनच महिन्यांचे, तुम्ही पण मागा, दुकानात तीन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून मिळू शकतो. व्हॉल्व्हपण बदलले. आमचं प्रेशर ५७ पीएसआय, कारपेक्षा कितीतरी जास्त, साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतच चालतो आणि आमचे ५७ त्याच्या जवळ जातात म्हणून त्याने जास्त प्रेशरचे धातूचे घातले. बॅलन्सिंग केलं, बँड परत बसवले, नट हाताने लावून मग टॉर्क रेंचने हँडबुकातल्या आकड्यावर आवळले. स्पेअर कॅरव्हॅनच्या तळाखालच्या पाळण्यातून काढायला लावला, तो पण २०१४ चाच निघाला, म्हणून तीन टायर झाले. सगळं मिळून २७५ पाउंड. मोठ्या दुकानापेक्षा महाग पडलं आणि मला एक पैसाही जास्त वाटला नाही.

जाताना बजावून गेला की तीस मैल झाले की नट पुन्हा तपास. पहिल्या ट्रिपला पहिल्याच सर्व्हिसेसला (मोटरवेवरचा थांबा) थांबून तपासले, डावीकडचा एक नट थोडा फिरला. कॅरव्हॅनची चाकं निसटायचे किस्से इथे खूप ऐकलेत, त्यामुळे रेंच आता कारच्या डिकीतच असते.

उन्हाळ्यात लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर आणि परत टेन्बी, साधारण अकराशे मैल झाले. आडव्या वाऱ्यात पूर्वी जी मागून ढकलल्यासारखी वाटायची ते कमी झालंय, टायर गरम होत नाहीत, थांबल्यावर मी हात लावून बघतो. मधे वजनकाट्यावर पण नेली, कुकर, मिक्सर, दहा किलो तांदूळ, तंबू, सायकली सगळं धरून १४६० भरली. घरी अंदाजाने मी १३५० म्हणत होतो, त्यामुळे सायकली आता कारवर.

अर्धा स्टार कापला तो एवढ्यासाठी की टायरवरची तारीख एकाच बाजूला असते आणि आमची एका चाकाची आतल्या बाजूला गेलीय, वाचायला खाली झोपावं लागतं. फिटरला सांगितलं असतं तर बाहेर घेतली असती, तुम्ही आधीच सांगा.

नोव्हेंबरपासून गाडी उभी राहील. बाबांनी सांगितलंय तसं दर महिन्याला चाकं पाव फेरा फिरवायची, पहिली तारीख फोनमध्ये टाकून ठेवलीय, १ डिसेंबर.