वाळवी लागलीय म्हणाला आणि घरातलं सागवान घेऊन गेला

गावाकडचं जुनं लाकडी घर दुरुस्त करायचं डोक्यात असेल तर ठेकेदाराला फोन करायच्या आधी हे वाचा. लांबलंय थोडं, पण राग अजून गेला नाहीये त्याला मी काय करू.

घर आमचं मेढ्याच्या पुढं, जावळी तालुक्यात, पणजोबांच्या वेळचं. भिंती दगडमातीच्या, पण सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर, वर कडीपाटाचा, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेला माळा आणि मंगलोरी कौलं. मी चिंचवडला नोकरीला. लॉकडाऊनमध्ये चार महिने गावी काढले आणि तेव्हापासून किडा शिरला डोक्यात, की घर नीट करायचं आणि इथंच येऊन राहायचं, भात घरचा, नाचणी घरची, परड्यात भाजी, एक गाय, दहाबारा गावठी कोंबड्या, शेणावर गोबरगॅस, कौलांवर सोलर, म्हणजे दुकानात जायचं ते फक्त मीठ आणि चहापत्तीला. बायको म्हणायची आधी कौलं गळतायत ती बघा, मग गॅस काढा शेणातनं.

२०२३ च्या दिवाळीनंतर नात्यातल्या एकानं हा ठेकेदार दिला. बोलायला इतका गोड की आईला पहिल्याच दिवशी "मावशी" करून टाकलं. मोबाईलमध्ये पाचपंचवीस वाड्यांचे फोटो, ते त्यानंच केलेत की कुठून उचललेत हे मी विचारलं नाही, ही माझी पहिली चूक. बाकी दोघांनी सात-साडेसात लाख सांगितले होते, हा म्हणाला ४ लाख ८० हजारात सगळं करून देतो. मला वाटलं देव भेटला. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं, "निघालेलं जुनं मटेरियल ठेकेदार उचलेल". मी विचारलं हे काय, तर म्हणाला साहेब डेब्रिज उचलायला ट्रॅक्टरचे वेगळे पैसे लागतात, ते तुमचे वाचवतोय. मी वर थँक्यू म्हणालो!

मग वाळवीचं नाटक. मधल्या खांबाच्या कडेला त्यानं पेचकस लावला आणि दाबला, तो अर्धा इंच सहज आत गेला, भुस्सा पडला. तो भुस्सा आईच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हे असं आहे बघा घर तुमचं, पोरंबाळं झोपतात ना खाली?" आई दोन दिवस जेवली नाही नीट. मी काय बघायला पाहिजे होतं ते आता कळतंय. सागाच्या बाहेरच्या बाजूला जो पांढरट थर असतो तो वाळवी खाते, पण आतला गाभा तेलकट असतो, त्याच्या वाटेला ती सहसा जात नाही. पेचकस अर्ध्या इंचावर अडकला होता, पुढं गेलाच नव्हता, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर! दुसऱ्या ठिकाणी टोचून बघ म्हणायचं होतं, हातोडीनं वाजवून बघायचं होतं, चांगलं लाकूड टणटण वाजतं, पोकळ असेल तर आवाज बसका येतो. बाहेरच्या मिस्त्रीला हजार रुपये देऊन फिरवला असता तरी भागलं असतं.

शेजारचे तात्या, नात्यानं चुलते, ते ओट्यावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "आरं ती तुळई काढतोयस व्हय? आमच्या आज्यानं बैलगाडीनं आणलेलं लाकूड हाय ते." मी म्हणालो तात्या वाळवी लागलीय. ते काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले.

६ तुळया आणि ८ खांब गेले, मी पुण्यात असताना, दोन खेपांत, दुसरी खेप तर रात्रीची. आता हिशोब बघा, कारण हा मी काम झाल्यावर शिकलो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ नं भागायचं, की घनफूट येतं. तुळई १२ फूट, ८ बाय ८, म्हणजे एकीचे सव्वापाच घनफुटांच्या वर, सहांचे ३२. खांब ८ फूट, ७ बाय ७, आठांचे पावणेबावीस. झाले जवळपास ५४. साताऱ्यातल्या वखारीत जुन्या सागवानाचा भाव विचारला तर अडीच हजार रुपये घनफुटाच्या खाली कोणी बोलेना. म्हणजे सव्वा लाखाच्या वर, आणि यात कडीपाटाच्या फळ्या आणि देवघराची चौकट धरलेलीच नाही. त्याचं कोटेशन एवढं स्वस्त का होतं ते असं.

बदल्यात काय लावलं? "नवीन सागवान". पहिल्याच पावसात त्याला पीळ पडला, उभ्या चिरा गेल्या, बोट जाईल एवढ्या. गळक्या कौलाखालच्या तुळईवरनं आईनं ओलं फडकं फिरवलं तर फडकं चॉकलेटी झालं. साताऱ्याहून सुतार आणला, त्यानं एक टोक तासलं आणि म्हणाला निलगिरी आहे, तीसुद्धा ओली, वरनं रंग मारलाय. जुन्या कामात कूस-साळीचे सांधे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, आणि लाकडी खुंट्या होत्या, ह्यानं लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकलेत.

अजून एक. जुने खांब दगडी तळखड्यावर उभे होते, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे ओल लाकडाला लागत नाही. ह्यानं जमिनीवर सिमेंटचा कोबा करताना तळखडे सिमेंटमध्ये गाडून टाकले, "लेव्हल" केली म्हणे. भिंतींना पण सिमेंटचा गिलावा. मातीच्या भिंतीत पाणी शिरतं आणि सुकून बाहेर पण पडतं, सिमेंटनं तोंड बांधलं की ओल आतच राहते. जावळीचा पाऊस माहितीये ना. ऑगस्टपर्यंत माजघराच्या भिंतीला पोट आलं होतं.

गोबरगॅसचं तर हसूच येतं. २ घनमीटरचा प्लँट बांधून घेतला त्याच्याकडून, वेगळे पैसे देऊन. त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. आमची गाय एक. दिवसाला दहाबारा किलो, तेही तिची मर्जी असेल तर. आता त्यात कोंबड्या अंडी घालतात.

फोन उचलायचा बंद झाला. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले कागदावर तुमचीच सही आहे, मटेरियल त्याचं असं लिहिलंय, दिवाणीत जा. निम्मे पैसे रोख दिलेले, बिल नाही. तरी ऑनलाइन दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो होते, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. कामासाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आमची थोडक्यात बसली. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, कागद कसे जोडायचे ते तिथं नीट सांगितलं.

सिमेंटच्या गोण्या, वाळू, खिळे, सगळं मी पुण्यातनं फोनवर मोजत होतो, घरात काय येतंय ते. घरातनं काय जातंय ते एकट्या तात्यांनी बघितलं. काम सुरू करायच्या आधी प्रत्येक खांब, तुळई, चौकट टेपनं मोजा, खडूनं नंबर टाका, फोटो काढा, आणि कागदावर लिहून घ्या की निघालेलं लाकूड मालकाचं, ते अंगणातच राहणार. ज्याला हे चालत नाही त्याला तिथंच चहा पाजून वाटेला लावा.

"सडलेल्या" तुळईचा एक हातभर तुकडा मात्र राहिला. गड्यानं टोक कापून गोठ्यात टाकलेलं, आई त्यावर बसून धार काढायची. सुतारानं त्यावरनं दोनदा रंधा फिरवला, आतनं सोनेरी पिवळा निघाला, हाताला तेलकट लागतो, एक भोक नाही कुठं. पुढच्या महिन्यात तारीख आहे. वकील म्हणालेत फोटो पुरे. मी तो तुकडा पिशवीत घालून नेणार आहे, आईला तोवर प्लास्टिकचं स्टूल आणून दिलंय, ते तिला आवडलेलं नाही.