‘सुपरमॅन अँड लोइस’ की ‘द अम्ब्रेला अकॅडमी’?

दोन्ही मालिकांत सुपरहिरोंचं कुटुंब, चारच सीझन, दोन्ही 2024 मध्ये संपल्या. आधी कुठली बघायची, असं भाची विचारतेय.

शेवटावरून चाहते खरे भडकले ते ‘अम्ब्रेला’वर. अखेरच्या सीझनचे जेमतेम 6 भाग, त्यात नायक भावंडांपैकी डिएगोची बायको लायला त्याच्याच भावाच्या, फाइव्हच्या प्रेमात! अनेकांना हे पटलं नाही, मलाही नाही. ‘सुपरमॅन’चा 10 भागांचा निरोप मात्र लोकांनी डोळे पुसत डोक्यावर घेतला.

घरपण? ‘सुपरमॅन’च्या तिसऱ्या सीझनमध्ये त्याच्या बायकोला, लोइसला कॅन्सर होतो आणि डोंगर उचलणारा नवरा तिच्या केमोथेरपीच्या खुर्चीशेजारी हतबल बसतो. ‘अम्ब्रेला’तली भावंडं भांडकुदळ, बापाने दुखावलेली, पण भन्नाट.

आई-बाबांसोबत बघायची असेल तर ‘सुपरमॅन’. मित्रांबरोबर धमाल हवी असेल तर ‘अम्ब्रेला’चे पहिले दोन सीझन.