हंड्रेड पर्सेंट ह्यूमन हेअर

पहिल्या केमोनंतर सतराव्या दिवशी ताईच्या उशीच्या अभ्र्यावर केस दिसायला लागले. केमोतल्या लाल रंगाच्या औषधाने दोन-तीन आठवड्यांत केस जातात हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. विसाव्या दिवशी तिनेच दाजींकडून डोक्यावर मशीन फिरवून घेतली आणि मला फोन केला. "डोकं हलकं झालं बघ. आता पोरीच्या साखरपुड्याचं काय ते तू बघ."

साखरपुडा बावीस दिवसांवर आला होता. मुलाकडच्यांना आजार माहीत होता, लपवाछपवी काही नव्हती. पण त्यांचे दोनशे पाहुणे येणार आणि त्यातल्या प्रत्येक बाईने ताईला कोपऱ्यात घेऊन "कितवी स्टेज?" विचारायचं, हे तिला नको होतं. दिवस पोरीचा आहे, म्हणाली. म्हणून केसांचा टोप हवा होता, आणि तो टोप आहे हे कळता कामा नये. बजेट पंधरा हजार. काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात राहते आणि सांगलीतल्या ताईच्या मते पुण्यात सगळं मिळतं.

मिळतं. पण मी दुकानात गेलेच नाही. ऑफिसचं निमित्त होतं. खरं कारण, काउंटरवर उभं राहून चार लोकांत "टोप दाखवा" म्हणायला मलाच कसंतरी होत होतं. आजार ताईला आणि लाज मला! म्हणून रात्री अकराला अंथरुणात पडून मोबाइलवर शोधाशोध केली. पहिले दोन विक्रेते मानवी केसांच्या, हाताने टाचलेल्या लांब टोपाचे पस्तीस ते पन्नास हजार सांगत होते. तिसरा म्हणाला, बावीस हजार. मी केमोचं सांगितल्यावर त्याचा आवाजच बदलला. "ताई, पेशंटसाठी आहे ना? मग मी तुमच्याकडून कमावणार नाही. साडेचौदा द्या." मी विरघळले. नंतर कळलं, की हा पेशंटचा भाव तो सगळ्यांनाच लावतो.

मी अगदीच बावळट होते असंही नाही. अस्सल केस जाळून ओळखता येतात हे वाचलं होतं. केस खरा असेल तर जळताना पिसं जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडला की राख होते. प्लॅस्टिकचा धागा वितळून आक्रसतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मी त्याला म्हटलं, जाळून दाखवा. पाच मिनिटांत व्हिडिओ आला. टोपाच्या भांगापासून एक केस उपटला, लायटर, धूर, राख. हिरव्या खड्याची अंगठी घातलेला हात आणि अंगठ्याचं उभं चिरलेलं नख एवढंच दिसत होतं. खाली लिहिलेलं: हंड्रेड पर्सेंट ह्यूमन हेअर, सिंगल डोनर (म्हणजे सगळे केस एकाच डोक्यावरचे), तिरुपतीचे केस. सात हजार आगाऊ भरले, उरलेले माल पाठवायच्या आधी. "टोपाला कॅश ऑन डिलिव्हरी नसते ताई, लोक घालून परत करतात." पटलं. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याच्या ऑनलाइन पानावरच्या नावाशी जुळत नव्हतं, तेही मी पाहिलं होतं. भावाचं खातं आहे म्हणाला.

त्याने एक गोष्ट विचारली नाही: डोक्याचं माप. ब्लाउजचं माप घेतल्याशिवाय शिंपी कात्री उचलत नाही, आणि हा माणूस साडेचौदा हजारांचा टोप माप न घेता पाठवत होता. कपाळावरच्या केसांच्या रेघेपासून कानांच्या वरून मागे मानेच्या खळग्यापर्यंत आणि तिथून परत पुढे रेघेपर्यंत गोल टेप फिरवायची. बायकांचं हे माप साधारण बावीस इंच भरतं, आणि केस गेल्यावर ते आणखी कमी होतं. हे मला काकांनी सांगितलं, पण त्यांच्यापर्यंत नंतर येते.

अकराव्या दिवशी खोका आला. विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे उघडतानाचा व्हिडिओ काढला, आतल्या पिशवीचं सील फोडलं. टोप पाहून पहिली आठवण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या झाशीच्या राणीची झाली. निळसर काळा, ट्यूबलाइटखाली ताटासारखा चमकणारा, आणि केस इतके दाट की दोन बायकांना पुरले असते. भांग पट्टीने आखल्यासारखा सरळ. ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे गं, पदर घेईन मी." मला तेच जास्त लागलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. चाळीस वर्षं रंगभूषाकार होते, राज्य नाट्य स्पर्धेतल्या कितीतरी संघांचे चेहरे त्यांनी रंगवलेत. मी टोप घेऊन गेले तर त्यांनी पुढून पाहिलाच नाही, आधी उलटा केला. आत मशीनने शिवलेल्या केसांच्या पट्ट्या एकाखाली एक, घरातल्या पायपुसण्यासारख्या. फक्त भांगाशी दोन बोटं रुंद जाळीचा तुकडा, त्यावर एकेक केस हाताने टाचलेला. काकांनी चिमट्याने तीन जागचे केस काढले आणि स्टीलच्या ताटलीवर जाळले. भांगाजवळचा: राख. मानेजवळचा: मणी. कानाजवळच्या बटेतून काढलेल्या तीन केसांपैकी एकाची राख, दोघांचे मणी.

"व्हिडिओ खोटा नव्हता," काका म्हणाले. "जिथला दाखवला तिथला खराच आहे."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला टोप मागवायच्या आधी कळायला हवं होतं. "अगं, हे सगळे केस खरे असते ना, तरी हा टोप टोपच दिसला असता." माणसाची नजर केसाची जात ओळखत नाही, म्हणाले, ती कपाळाची रेघ बघते, भांगात टाळू दिसते का ते बघते, दाटी आणि चमक बघते. खऱ्या डोक्यावर पुढच्या रेघेला केस विरळ आणि वेडेवाकडे असतात, भांगातून कातडी दिसते. पन्नाशीच्या बाईचे केस निळसर काळे नसतात, गडद तपकिरी असतात आणि कल्ल्यांजवळ दोन-चार पांढरे डोकावतात. "नाटकात चालून जातं, प्रेक्षक दहाव्या रांगेत असतो. इथे बायका कुंकू लावायला वीतभर अंतरावर येणार." आणि मी सगळा जोर कशावर लावला होता? केस जाळण्यावर.

'तिरुपतीचे केस' हा शब्द ऐकून काका हसले. तिथे भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लांबीप्रमाणे प्रतवारी करून ई-लिलावाने विकतं. डोक्यावरून एका वेळी कापलेल्या अशा केसांची मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला ठेवता येतात, म्हणून त्यांना भाव. स्वस्त मालातले केस बहुतेक गुंतवळाचे. आपण विंचरून झाल्यावर बोटाला गुंडाळतो ना, तेच. दारोदार फिरून त्यावर फुगे नाहीतर भांडी देणाऱ्या बायका अजूनही दिसतात. गुंतवळात मुळं-टोकं उलटसुलट होतात, केसावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि जटा होतात. ते टाळायला आम्लात बुडवून खवले काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा लेप देतात. दोन-तीन धुण्यांत लेप गेला की झाडूचं टोक. म्हणजे नुसतं 'मानवी केस' म्हणण्याने काही ठरत नाही. (आपल्या आज्यांच्या गंगावनातही घरचंच गुंतवळ असायचं, पण ते विकणारं कोणी त्याला सिंगल डोनर म्हणत नव्हतं.)

घरी येऊन मी विक्रेत्याला त्या ताटलीचा फोटो पाठवला. मला वाटलं भांडेल. तो लगेच कबूल झाला. "गोडाउनमधून चुकीचा पीस गेला ताई, बदलून देतो. फक्त रिव्हर्स पिकअप आणि जीएसटीचे अठराशे भरा, ते रिफंडेबल आहेत." इथे वाचणारे कपाळावर हात मारतील. मारा. साखरपुड्याला नऊ दिवस उरले होते आणि मला तो टोप बदलून हवा होता, म्हणून मी भरले. दुसऱ्या दिवशी पिकअपला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, की सील फोडल्यामुळे स्वच्छतेच्या कारणास्तव वस्तू परत घेता येणार नाही. चौथ्या दिवशी माझा नंबर ब्लॉक. एकूण सोळा हजार तीनशे.

सील फोडल्याचं कारण तसं टिकत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पण नियम लागू करायला माणूस सापडावा लागतो. बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता परराज्यातल्या एका इमारतीचा होता; तिथे पाठवलेलं रजिस्टर्ड पत्र परत आलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते विक्रेत्याशी संपर्क करून तोडगा काढायचा प्रयत्न करतात, आणि त्याने फोनच घेतला नाही तर तिथे ती फाइल थांबते. पुढे ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं. मी करणार आहे, पण नोटीस कोणाच्या नावाने काढायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

माझी खरी चूक १९३०ची. सायबर फसवणुकीची ही हेल्पलाइन. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढे सरकायच्या आत खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते. मी एकोणीस दिवसांनी केला, कारण मधले दिवस मी साखरपुड्याच्या गडबडीत आणि त्याच्या 'बघतो ताई'वर काढले. पलीकडच्या माणसाने तारीख ऐकून फक्त "बरं, लिहून घेतो" म्हटलं.

साखरपुड्याच्या पाच दिवस आधी काका मला स्वतः एका दुकानात घेऊन गेले. अर्ध्या तासात आम्ही सिंथेटिक टोप घेतला, तीन हजार चारशेला. मानेपर्यंतचा आखूड, गडद तपकिरी. लांब घ्यायचाच नाही, म्हणाले. सिंथेटिक लांब केस पदरावर आणि ब्लाउजच्या काठावर घासून आठवड्यात गुंततात. घरी आणून त्यांनी दातेरी कात्रीने आतून दाटी कमी केली, पुढच्या रेघेतले केस चिमट्याने एकेक उपटून ती वाकडी केली, चमक मारायला पावडरीचा पफ हलकासा फिरवला. एक तास गेला. खाली घालायला सुती टोपी शिवून घेतली. स्पिरिट गम, म्हणजे टोप कातडीला चिकटवायचा डिंक, लावायला त्यांनी सक्त मनाई केली, केमोत टाळूची कातडी नाजूक असते. आणि ताईला फोनवर दम दिला, "हा घालून गॅसपुढे जायचं नाही. कढईची, कुकरची वाफ लागली की पुढच्या बटा कुरळ्या होतात आणि मग त्या सरळ होत नाहीत."

मुलाच्या आत्या ताईला म्हणाल्या, "केस कापलेत वाटतं, छान दिसतंय हो." ताईने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. जेवणाच्या पंगतीपर्यंत मात्र तिला इतकी खाज सुटली, की खोलीत जाऊन तिने टोप काढून पर्समध्ये कोंबला आणि पुढचा सगळा कार्यक्रम डोक्यावर पदर घेऊन केला. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असेल तर तिने मला सांगितलेलं नाही.

पुढच्या केमोला गेलो तेव्हा हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेने सहज सांगितलं, की मुंबईतल्या कोप विथ कॅन्सर–मदत ट्रस्टसारख्या संस्था दान आलेल्या केसांचे टोप कर्करुग्णांना मोफत देतात. "तुम्ही विचारलं असतं तर..." म्हणाल्या. आम्ही कोणालाच काही विचारलं नव्हतं. केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा लव येते, म्हणजे टोप लागणार तो जेमतेम आठ-नऊ महिने. तेवढ्यासाठी मी आयुष्यभराचा माल घ्यायला निघाले होते.

गेल्या रविवारी भाचीने मला एक लिंक पाठवली. नवं पान, नवं नाव, नवा फोन नंबर. व्हिडिओ जुनाच: भांगापासून उपटलेला एक केस, लायटर, राख, हिरव्या खड्याची अंगठी आणि अंगठ्याचं उभं चिरलेलं नख. खाली एका बाईने विचारलं होतं, "आईसाठी हवा आहे, किंमत?" मी लगेच लिहिलं, "ताई, घेऊ नका, मानेजवळचा केस जाळून दाखवा म्हणा." दहा मिनिटांत माझी ओळ तिथून गायब झाली. त्या बाईंना मी वेगळा मेसेज केला आहे. अजून त्यांनी पाहिलेला नाही.