हेवी डिपॉझिटमध्ये माझे ३,११,००० रुपये गेले. कल्याण-डोंबिवलीकडे खोली शोधत असाल तर आधी हे वाचा

आधी आकडा सांगते, कारण प्रत्येकाने मला पहिला तोच विचारला. ३,११,००० रुपये. जमवले होते ३,१६,०००. त्यातले ९६,००० माझे, परभणीत पाच वर्षं नाइट ड्युट्या करून साठवलेले. १,२०,००० आईची पोत आणि पाटल्या गहाण ठेवून. ६०,००० तिच्या बचत गटातून. ४०,००० मामाने घरात ठेवलेलं सोयाबीन विकून दिले. व्यवहार झाला त्या संध्याकाळी माझ्या हातात ५,००० रुपये उरले होते.

मी स्टाफ नर्स आहे. परभणीत ११,००० मिळायचे. ठाण्यात एका खासगी हॉस्पिटलमध्ये १८,४०० हातात येणार म्हणून निघाले. धाकट्या भावाला इकडेच अ‍ॅप्रेंटिसशिप मिळाली होती, त्याचा स्टायपेंड त्याच्या पासात आणि डब्यात संपायचा. "लेडीज पीजीत का नाही राहिलात?" असं मला पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी विचारलंय. बहीण-भावाला एकत्र कोणती पीजी ठेवते ते त्यांनीच सांगावं. दोन वेगळ्या खाटांचं भाडं भरलं तर माझा पगार जवळजवळ तिथेच संपत होता.

मग साधी भाड्याची खोली. कल्याणच्या आसपास वन आरके ७,५००, डिपॉझिट ४०,०००, वर एका महिन्याची दलाली. आणि दुसरा पर्याय हेवी डिपॉझिट. ते काय असतं हे इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. ३ लाख एकरकमी द्यायचे, २२ महिने भाडं शून्य, फक्त मेंटेनन्स ५००, सोडताना पूर्ण रक्कम परत. मी वहीत मांडलं होतं. सोन्यावरचं व्याज महिन्याला साधारण १,२००, बचत गटाचं दोन टक्क्यांनी १,२००, मेंटेनन्स धरून २,९००. भाड्यापेक्षा महिन्याला ४,६०० कमी. शिवाय मुद्दल परत मिळणार, म्हणजे आईचं सोनं सुटणार. हा हिशोब मी आजही कुणालाही समोर बसवून पटवून देईन. लोक म्हणतात हाव सुटली. १८,४०० पगारात ७,५०० भाडं भरायला नको वाटणं ही हाव असेल तर या पट्ट्यातून रोज लोकलला लोंबकळणारं निम्मं गाव हावरट आहे.

एजंटाचं ऑफिस होतं. काचेचा दरवाजा, आत गणपतीचा फोटो, भिंतीवर खोल्यांच्या चाव्या. मला "ताई" म्हणायचा, आईशी फोनवर "मावशी, काही काळजी करू नका" म्हणून बोलला. खोली दाखवली आणि म्हणाला, संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येतेय. हे वाक्य ऐकलं की उठून चालू लागा. मी १०,००० तिथेच यूपीआयने पाठवले.

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. चावी घ्यायला मी आणि भाऊ गेलो. मालक दुबईत असतो, त्याच्या वहिनीकडे मुखत्यारपत्र आहे, असं आधीच सांगितलं होतं. वहिनी आली. पन्नाशीची, नीटनेटकी बाई, हातात कागदांची पिशवी. आम्ही आत गेलो तेव्हा अंधारून आलं होतं, बाहेर पाऊस. तिने दिवा लावायला बोर्डाकडे हात नेला. पहिलं बटण दाबलं, काही नाही. दुसरं दाबलं, पंखा सुरू झाला. तिसरं, चौथं. मग एजंटाने पुढे होऊन बरोबर बटण दाबलं आणि ट्यूब लागली. थोड्या वेळाने मी पाणी किती वाजता येतं विचारलं, तर ती एजंटाकडे बघायला लागली. तो म्हणाला, "सकाळी साडेपाच." ती म्हणाली, "हो, साडेपाच."

मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी, दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं होतं. नर्स आहे मी. पेशंट कुठे हात ठेवून "इथे दुखतं" म्हणतो आणि प्रत्यक्षात कुठे दुखतंय, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. स्वतःच्या घरातला दिवा कुठे लागतो हे माहीत नसलेली बाई माझ्यासमोर उभी होती आणि मी मनात म्हटलं, खोली कायम भाड्याने दिलेली असेल, तिला कशाला लक्षात राहील. तिच्या वतीने कारण मीच शोधलं. माझी ड्युटी रविवारी सुरू होणार होती, सामान लॉजवर पडलं होतं, लॉजचे रोजचे ९०० जात होते आणि मला ती खोली हवी होती. रात्री ड्युटीवर बसलेली असताना अजूनही ती बटणं मला दिसतात. चार बटणं. तिथे नुसतं "लाईट बिल दाखवा आणि तुमचं आधार दाखवा, मग बोलू" एवढं म्हटलं असतं तरी ३ लाख वाचले असते.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट. मी करार रजिस्टर करायचा का असं विचारलं होतं, विचारलं नाही असं नाही. एजंट म्हणाला, "हेवी डिपॉझिटचं रजिस्ट्रेशन कुणी करत नाही ताई, मालकाचा अंगठा लागतो, तो दुबईत. नोटरी पुरते. उगाच सरकारला पैसे कशाला?" हे साफ खोटं आहे. हेवी डिपॉझिटचा करारसुद्धा रजिस्टर होतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. माझ्या ३ लाखांवर २२ महिन्यांचं ते व्याज ५५,००० होतं, म्हणजे शुल्क दोनशेच्या आत. आणि नोटरी, टायपिंग वगैरेचे म्हणून त्याने माझ्याकडून ३,५०० घेतले. वर दलाली ७,५००.

उरलेल्या डिपॉझिटचे १,४०,००० बँकेतून पाठवले, तेही तिसऱ्याच नावाच्या खात्यावर, "मालकाचं परदेशी खातं आहे, त्यात इकडून पैसे घेता येत नाहीत" म्हणून. १,५०,००० रोख. रोखीची पावती एजंटाच्या लेटरहेडवर. तुम्ही रोख देऊ नका. कुणी कितीही समजावलं तरी देऊ नका. पोलिसांनी माझे दीड लाख पहिल्या दिवसापासून "तुम्ही म्हणता ते दीड लाख" असेच धरले आहेत.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद मागितला. एजंट म्हणाला, मी करून देतो. मी परत विचारलं नाही, बारा-बारा तासांच्या ड्युट्या होत्या.

१९ जानेवारी २०२५, रविवारी दुपारी दारात साठीच्या पुढचे एक गृहस्थ उभे. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "तुम्ही कोण?" ते खोलीचे मालक होते. दुबई वगैरे काही नाही, निवृत्त होऊन कोकणात राहतात. त्यांच्याकडे रजिस्टर्ड करार होता, महिना ७,५०० भाडं, डिपॉझिट ४०,०००, भाडेकरू म्हणून नाव आणि फोटो त्याच "वहिनी"चा. म्हणजे ती बाई त्यांची भाडेकरू. त्यांच्याकडून खोली भाड्याने घ्यायची, माझ्याकडून हेवी डिपॉझिट घ्यायचं, माझ्याच पैशातून त्यांना महिन्याचं भाडं द्यायचं. अशा खोल्या वाढवत न्यायच्या आणि एक दिवस भाडं थांबवून पळायचं. त्यांचं दोन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून ते बघायला आले. माणूस वाईट नव्हता. माझ्या कराराचा कागद वाचून ते खाली पायरीवर बसले. पंधरा दिवसांची मुदत दिली. ऑफिसच्या काचेच्या दरवाजाला कुलूप होतं, फोन बंद.

आता पोलीस. २० जानेवारीला नाइट संपवून थेट ठाण्यात गेले. अडीच तास बाकावर. मग ऐकून घेणाऱ्याने विचारलं, "पगार अठरा हजार म्हणता, मग तीन लाख आणले कुठून?" चार लोकांसमोर. चोर मी असल्यासारखं. मी पोत, पाटल्या, बचत गट, सोयाबीन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शिकलेल्या आहात, नर्स आहात, एवढं कळत नाही? हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, लिहून दिली.

दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, पैसे एजंटाच्या ऑफिसात दिले, ते आमच्या हद्दीत नाही. त्या ठाण्यात गेले तर म्हणाले, खोली तिकडे आहे, तिकडे जा. हद्दीचं कारण देऊन गुन्हा नाकारता येत नाही, कोणत्याही ठाण्याला तो शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नाही, मी रात्रपाळीत मोबाइलवर वाचलं. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तर तुम्ही समोरासमोर भेटून पैसे दिले, हा सायबर गुन्हा नाही, आणि पाच महिने झाले. बँकेत गेले, तर त्या खात्याची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देता येणार नाही. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र देता येणार नाही. आणि गुन्हा दाखल करायला त्यांना हवा होता पुरावा, ते खातं कुणाचं आहे याचा! या तिघांमध्ये मी सहा सुट्ट्या घालवल्या, सगळ्या बिनपगारी. सेक्रेटरी म्हणाले, आम्ही तुम्हाला सभासद म्हणून ओळखतच नाही.

नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. भाड्याची खोली दाखवणाऱ्याला त्या नियमात धरलेलंच नाही. म्हणजे ज्याच्याकडे घर विकत घ्यायची ऐपत आहे त्याच्यासाठी एक दार तरी आहे. आमच्यासाठी बाकडं.

शेवटी हॉस्पिटलमधल्या एका पेशंटच्या मुलीने, ती वकिली शिकतेय, मला अर्ज लिहून दिला. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना पोस्टाने लेखी तक्रार करता येते आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला. गुन्हा दाखल झाला १३ मार्चला, होळीच्या दिवशी, ५२ दिवसांनी. न्याय संहितेचं कलम ३१८(४), जुन्या कायद्यातलं ४२०. तोवर त्या खात्यात काय उरलं असणार? १,१४० रुपये.

आणखी एक, बायकांनी लक्षात ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. ठाण्यात, बँकेत, सोसायटीत, कुणीही मला हे सांगितलं नाही. मी तोवर एका वकिलाला नुसती नोटीस पाठवायचे ४,००० देऊन बसले होते, ते वरच्या ३,११,००० मध्ये धरलेले नाहीत.

मालकाचं नाव एजंटाच्या तोंडून ऐकू नका. महापालिकेची घरपट्टी, लाईट बिल आणि इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) या तिन्हींवर एकच नाव हवं आणि त्याच नावाच्या खात्यात पैसे जायला हवेत. वॉचमनला विचारून उपयोग नाही, सेक्रेटरींना भेटा आणि मालकाचा नंबर त्यांच्याकडून घ्या. शेजाऱ्यांना विचारा, आधी इथे कोण होतं आणि किती दिवस होतं. मी नंतर विचारलं, तर आधीचं कुटुंब चार महिन्यांत गेलं होतं. मुखत्यारपत्र दाखवलं तर व्यवहारच करू नका. मालकाला यायला जमत नसेल तर तुम्हाला तिथे राहायला जमत नाही, एवढंच. आणि गावाहून येताना सगळी पुंजी पहिल्याच महिन्यात एका जागी घालू नका. दोन महिने वेगवेगळे राहिलो असतो, भाऊ मित्राकडे, मी पीजीत, तरी मला घाई करावी लागली नसती. ते पैसे मला तेव्हा वाया जातील असे वाटत होते.

आता मी पीजीतच आहे. भाऊ तिघांत राहतो. आईने बचत गटाचा एकही हप्ता चुकवलेला नाही. गटातल्या बायकांना तिने खरं सांगितलेलं नाही, मुलीने मुंबईकडे खोली घेतली एवढंच त्यांना माहीत आहे. पोत अजून गहाण आहे.

पोलीस ठाण्यात मला आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबं भेटली. तोच एजंट, तीच बाई. एका ठिकाणी ती मालकाची वहिनी होती, दुसरीकडे सख्खी बहीण. चौघांचे मिळून १३,६०,००० होतात. तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं, तक्रारदार वाढले आणि रक्कम मोठी झाली तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे पाठवता येईल. एजंटाच्या भिंतीवरच्या चाव्या मी मोजल्या नव्हत्या, पण त्या चारांपेक्षा खूप जास्त होत्या. २०२४ मध्ये या पट्ट्यात तुम्ही नुसत्या नोटरीवर हेवी डिपॉझिट दिलं असेल, मालक दुबईत आहे असं तुम्हालाही सांगितलं असेल, तर आजच लाईट बिलावरचं नाव बघा, त्या माणसाला शोधून फोन लावा. आणि तक्रार द्यायला लाज वाटत असेल तर मलाही वाटली होती, त्या बाकावर बसून. तरी द्या.