दाखवायला काढलेली कॅम्पर व्हॅन आधीच गरम का असते?

जाहिरात अशी असते: 2015 ची टेम्पो ट्रॅव्हलर, कॅम्पर केलेली, फक्त 62,000 किलोमीटर, इंजिन टकाटक. घेणारा अकराच्या सुमारास पोहोचतो तेव्हा गाडी धुऊन, चालू करून उभी असते. ‘तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवला,’ असं मालक प्रेमाने सांगतो. मग नजर जाते ती ओट्यावर, घडीच्या पलंगावर, छतावरच्या सोलर पॅनेलवर. धूर नाही, आवाज गोड, टोकन दिलं जातं. आठवड्याभरात एखाद्या थंड पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि गॅरेजवाला बोअर-पिस्टनचा खर्च सांगतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब पडतो, पण गरम इंजिन तेवढ्या दाबावरही चटकन चालू होतं. सगळी हातचलाखी इथेच आहे.

त्यामुळे गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन थडका. चावी फिरवण्याआधी केबिनमधलं इंजिन कव्हर उघडून ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर त्या दिवशी तपासणी नाही, चहा घ्या आणि निघा. थंड असेल तर इग्निशन ऑन करून आधी डॅशबोर्ड पाहा. ऑइल आणि चेक इंजिनचे दिवे लागून, इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा मुळात लागतच नसेल, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता मोठी. ग्लो प्लगचा, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणाऱ्या कांडीचा दिवा विझल्यावर दोन-तीन सेकंदांत इंजिनाने पेट घ्यायला हवा. थंडीत क्षणभर पांढरा धूर चालतो. तो रेंगाळला आणि कच्च्या डिझेलचा उग्र वास आला, तर दाब कमी किंवा डिझेल फवारणारा इंजेक्टर खराब. गोडसर वास म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट जळतंय. निळा धूर ऑइलचा.

निळा धूर चार दिवस लपवायला जाड ऑइल आणि वर डब्यातलं ‘औषध’ घालतात. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच वापरात काळं पडतं, तेव्हा काळ्या ऑइलला घाबरू नका. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर मधासारखं स्वच्छ ऑइल दिसलं तर मात्र ते कालच का बदललं, हे विचारा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास असेल, तर इंजेक्टरची गळती इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरतेय. दुधाळ फेस म्हणजे पाणी.

गाडी चांगली गरम झाल्यावर, आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. नाचायला लागलं, उडालं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधून दाब खाली निसटतोय. इंजिनातली वाफ बाहेर नेणारा ब्रीदर पाइप मूळ जागेवरून काढून खाली सोडलेला दिसला, तर हेच झाकण्याचा तो उद्योग.

कॅम्परच्या बाबतीत किलोमीटर तसाही फसवा आकडा आहे. एसी आणि बॅटरीसाठी गाडी तासन्‌तास उभ्या जागी चालते, आणि मीटर हलत नाही. उलट महिनोन्‌महिने बंद राहिली तर टाकीत पाणी साचतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा नळ सोडून अर्धी काचेची बाटली भरा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी तळाला बसतं.

कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे न फवारलेलं डिझेल किती परत येतं याची चाचणी, करून घ्याच. प्रत्येकाच्या रिटर्नला सारखी बाटली लावून पाच मिनिटं आयडल. एक बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर गेला. स्कॅनर लावल्यावर ‘एरर नाही’ यावर समाधान मानू नका. बिघाडाचे कोड पुसल्यापासूनचं अंतर बऱ्याच गाड्यांत वाचता येतं. ते 8 किलोमीटर निघालं तर पुसण्याचा मुहूर्त आजचाच.

शेवटी पाण्याची टाकी भरून खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा घाट चढवा. 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो. पार्किंगमधल्या चकरेत न दिसणारं तापमान इथे वर जातं. काळा धूर आणि पिकअप नाही, तर इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोच्या होजपासून शोध सुरू करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

आणि टोकनआधी ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आरसीशी ताडा. इंजिन बदललेलं आणि नोंद जुनीच, अशी गाडी नावावर होताना आरटीओत अडकते, तेव्हा जुन्या मालकाचा फोन लागत नसतो.